वाद्य वाजवावे की जपावे?

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत एक वस्तू हमखास आढळते. माजघराच्या कोपऱ्यात गवसणी चढविलेला तंबोरा भिंतीला टेकून उभा असतो. नाही तर मऊ लुगड्यात गुंडाळलेली एखादी पेटी कपाटाच्या माथ्यावर विराजमान झालेली असते. पाहुण्याने सहज कुतूहलाने हात पुढे केला की घरातील वडीलधारे माणूस चटकन सावध करते, “अहो, जरा जपून हं! फार जुनं आहे ते.” पाहुणा हात मागे घेतो. वाद्य तसेच राहते. ते शेवटी कधी वाजले होते, हे घरातील कोणालाच नक्की सांगता येत नाही.

याच मुलखात याच्या अगदी उलट दृश्यही दिसते. गावच्या भजनी मंडळाची पेटी पाहावी. तिच्या पट्ट्यांचे पांढरे कवच जागोजागी उडालेले असते, कडी सुतळीने बांधलेली असते, आणि भात्याला दोन-तीन रंगांची ठिगळे असतात. लग्नाच्या वरातीत बेंजो वाजविणारा तरुण तर तारा तुटेपर्यंत वाजवितो. तुटली की दुसरी चढवितो आणि पुढच्या चौकात पुन्हा तोच जोर. यात्रेतील ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याची गिटार पाहिली तर तिच्या अंगावर किती गावांचे ओरखडे आहेत, याची मोजदाद करवत नाही.

वाद्यावर खरे प्रेम यांपैकी कोणाचे? ज्याने ते नव्यासारखे ठेवले त्याचे, की ज्याने ते झिजविले त्याचे? प्रश्न वरवर पाहता शौकिनांच्या गप्पांचा वाटतो. परंतु ज्या घरांतील गाणारी पिढी हळूहळू काळाच्या पडद्याआड जात आहे आणि मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी स्थायिक झाली आहेत, त्या घरांपुढे तो अगदी व्यवहाराचा प्रश्न म्हणून उभा आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटते.

या मुलखात वाद्यांची वाण कधीच नव्हती. संगीत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून १८८० साली मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा; तंबोरे जुळविण्यातील त्यांचा काटेकोरपणा तर दंतकथेसारखा सांगितला जातो. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी २०१० साली झालेल्या आपल्या निधनापर्यंतचे दीर्घ आयुष्य पेटीच्या सेवेत घालविले आणि बेळगावात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. अशा मुलखात घरोघर तंबोरा, पेटी, तबला असणे स्वाभाविकच होते. नवल आहे ते यांतील कितीतरी वाद्ये आता मुकी होऊन बसली आहेत, याचे.

न वाजणाऱ्या वाद्याचे काय होते?

वाद्य वाजविले नाही म्हणजे ते आहे तसे राहते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती खरी नाही. लाकूड तोडले, तासले आणि त्याला रोगण लावले, तरी हवेशी चाललेला त्याचा व्यवहार थांबत नाही. बेळगावचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपड्यांना कुबट वास सुटतो, आणि तंबोऱ्याच्या खुंट्या भोकात फुगून अशा घट्ट बसतात की पिळता पिळत नाहीत. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या आक्रसतात आणि लावलेला सूर क्षणात उतरतो. ज्याचा हात रोज वाद्यावर फिरतो त्याला हे बदल वेळीच कळतात. गवसणीतल्या तंबोऱ्याचे दुखणे मात्र कोणाला कळत नाही. तारा गंजतात, ताण तसाच राहिला तर तबली हळूहळू खचते, भोपळ्याला कीड लागते. दहा वर्षांनी गवसणी काढावी तो बाहेरून वाद्य देखणे आणि आतून पोखरलेले!

पेटीची कथा यापेक्षा वेगळी नाही. तिच्या भात्याचे कातडे वापरात असले म्हणजे मऊ राहते. पडून राहिले की कडक होते आणि घडीवर चिरते. पट्ट्यांखालच्या बनातीला कसर लागते. पितळी सुरांवर धूळ बसते, हिरवट गंज चढतो, आणि एखादी पट्टी दाबली की सुराऐवजी नुसता वारा बाहेर येतो. जुन्या पेट्यांतील पॅरिसचे किंवा जर्मनीचे सूर शौकीन आजही शोधत फिरतात. तसे सूर असलेल्या किती पेट्या या भागातल्या माळ्यांवर उंदरांच्या स्वाधीन झाल्या असतील, याची कल्पनाही करवत नाही.

तेव्हा पर्याय ‘झिजलेले वाद्य’ आणि ‘नवेकोरे वाद्य’ असे दोन नाहीतच. हाताने झिजलेले वाद्य आणि हवेने, किडीने, गंजाने झिजलेले वाद्य, असे ते दोन पर्याय आहेत. पहिल्या झिजेतून संगीत निपजते. दुसरीतून काहीच निपजत नाही.

मिरजेच्या कारागिरांची साक्ष

या प्रश्नाचा निवाडा कोणाकडे मागावा? आमच्या मते, जे वाद्ये घडवितात त्यांच्याकडे. आणि सुदैवाने ते आपल्या दाराशी आहेत. बेळगावहून घटप्रभा, रायबाग, कुडचीमार्गे जाणारी आगगाडी आपणांस थेट मिरजेत नेऊन सोडते. निपाणीकरांना रेल्वे नाही. त्यांनी तंबोरा मांडीवर घेऊन एस.टी.ने जावयाचे. पण या भागातील गाणारे पिढ्यान्‌पिढ्या हीच वाट चालत आले आहेत, आणि धारवाड-हुबळीकडचे कानडी गवई-वादकही याच गावाचे गिऱ्हाईक.

मिरजेच्या वाद्यनिर्मितीचा उगमच मोठा बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू यांनी हा व्यवसाय तेथे रुजविला. ते घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रे घडविणारे आणि त्यांना पाणी व धार देणारे. इंग्रजी अंमलात तलवारींचे काम संपत आले, तेव्हा आधी वाद्यांची दुरुस्ती आणि पुढे नवी वाद्ये घडविणे, असा त्या कुशल हातांनी आपला मोहरा वळविला. म्यानात राहिलेली तलवार गंजते, हे शिकलगाराहून अधिक कोणास ठाऊक असणार? ते ज्ञान त्यांनी तंबोऱ्याच्या कामी आणले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाले, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तेथे उरुसाच्या दिवसांत त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत नामांकित गायक-वादक हजेरी लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले.

आता तंबोऱ्याच्या घडणीकडे पाहा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा वाळविलेला भोपळा, त्यावर बसविलेली लाकडी तबली, वर पोकळ दांडी, चार खुंट्या आणि चार तारा. परंतु तंबोऱ्याचा प्राण आहे तो तबलीवरच्या घोडीत. ही घोडी वरून रुंद आणि अगदी किंचित उतरती असते. तार तिच्या पाठीवरून ओझरती घासत जाते आणि त्या घासण्यातून मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर झंकारू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीकसा धागा सरकवितात. त्याला ‘जीव’ म्हणतात, आणि ते नाव किती सार्थ आहे! धागा केसभर पुढे-मागे झाला की मुका तंबोरा बोलू लागतो. घोडीच्या पाठीला हा जो नेमका उतार द्यावा लागतो, तीच ‘जवारी’.

ही जवारी कायमची नसते. वाजविता वाजविता तारा घोडीवर चर पाडतात. चर खोल झाले की झंकार बोथट होतो, स्वर कोंदटतो. मग कारागिराकडे जावे लागते. तो कानस घेऊन घोडीची पाठ पुन्हा घासतो, तार छेडून पाहतो, पुन्हा घासतो. या कामाला माप नाही, साचा नाही. कान हेच त्याचे मोजमाप. पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग किंवा हस्तिदंत वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर उंटाचे हाड आणि कठीण लाकूड यांचा वापर रूढ झाला. पण वस्तू कोणतीही असो, घोडी झिजणारच. झिजण्यासाठीच ती केलेली आहे. तंबोऱ्याचा सर्वांत सुंदर गुण त्याच्या सर्वांत झिजणाऱ्या भागातून जन्मतो.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वाद्य वाजले नाही, तर जवारी झिजणार नाही. जवारी झिजली नाही, तर ती काढणाऱ्याला काम नाही. काम नाही, तर त्याचा मुलगा ही विद्या शिकणार नाही. नवे वाद्य माणूस आयुष्यात एकदा किंवा दोनदा विकत घेतो; कारागिराचा चुलाणा वर्षभर पेटता राहतो तो बऱ्याच अंशी दुरुस्तीवर. आपण मायेने गवसणीत जपलेला तंबोरा त्याच्याच घडविणाऱ्याच्या विद्येचा गळा अशा रीतीने नकळत आवळीत असतो. सरावाच्या वेळी भ्रमणध्वनीतून अथवा विजेच्या पेटीतून तंबोऱ्याचा सूर घेण्याची सोय आता घरोघर झाली आहे. ती सोय आहे हे आम्हांस मान्य. प्रवासात, एकट्या विद्यार्थ्याला ती वरदानच आहे. मात्र त्यामुळे खऱ्या तंबोऱ्याची गवसणी अधिकच घट्ट झाली, हेही खरे.

एका तंबोऱ्याची गोष्ट

आमच्या परिचयाच्या निपाणीच्या एका घरात याच प्रश्नावरून बहीण-भावांत बोलाचाली झाली. आई गेली. तिचा मिरजेचा तंबोरा मागे राहिला. भाऊ पुण्यास नोकरीला. त्याचे म्हणणे असे, की आईची ती एकच आठवण आहे. ती काचेच्या कपाटात नीट ठेवावी. बहीण बेळगावात दिलेली. तिच्या शेजारी गाणे शिकणारी एक मुलगी होती आणि तिला नवा तंबोरा घेण्याची ऐपत नव्हती. बहीण म्हणाली, “दादा, आईनं तो कधी चार दिवस तरी मुका ठेवला होता का? आपण तो कपाटात ठेवला तर आठवण राहील ती कपाटाची.” दादा काही दिवस गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, त्या पोरीच्या हातून काही मोडलं तर?” त्यावर ताईचे उत्तर आम्हांस फार आवडले. ती म्हणाली, “मोडलं तर मिरज आहे. न वाजता कुजला तर मात्र मिरजेलाही औषध नाही.”

शेवटी दोघेही तंबोरा घेऊन मिरजेस गेले. कारागिराने तारा बदलल्या, एक खुंटी नवी केली, जवारी काढली, आणि दांडीवर बोट फिरवून विचारले की येथे घासल्याच्या खुणा आहेत, नवे पॉलिश करून टाकू काय? दांडीच्या कडेला एक हातभर लांबीचा पट्टा फिकट झाला होता. तार छेडताना आईच्या उजव्या हातातील बांगड्या जेथे टेकत, ती ती जागा. चाळीस वर्षांच्या बांगड्यांनी तेथले रोगण उतरविले होते. “तेवढं राहू द्या,” असे दादाच म्हणाला.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. काचेच्या कपाटातील नव्याकोऱ्या वाद्यात त्या माउलीचे काय उरले असते? जे उरले आहे ते त्या झिजलेल्या पट्ट्यात आहे. आता त्या पट्ट्याशेजारी दुसऱ्या एका मुलीच्या बांगड्या आपली खूण उमटवीत आहेत.

झीज आणि नासधूस

येथे कोणी म्हणेल, की मग काय, वाद्ये आदळावीत, आपटावीत? मुळीच नाही. जगाच्या व्यासपीठावर तेही घडून गेले आहे. लंडनच्या हॅरो भागात १९६४ साली ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंड याच्या गिटारचा शेंडा वाजविता वाजविता ठेंगण्या छताला लागून मोडला. श्रोत्यांत हशा पिकला, तशी त्याने रागाने ती गिटार तेथेच फोडून टाकली. पुढे गिटार फोडणे हा त्याच्या कार्यक्रमाचा भागच होऊन बसला. १९६७ साली अमेरिकेत मॉन्टेरे येथे जिमी हेंड्रिक्सने आपली गिटार भर मंचावर पेटवून दिली. त्या आगीत त्या काळातील तरुण पिढीचा काही उद्रेक असेल, नाही असे नाही. पण तो उद्रेक वाद्यावर काढलेला होता, वाद्यातून नव्हे.

याच्या शेजारी विली नेल्सन या अमेरिकन गायकाची गिटार ठेवून पाहा. १९६९ साली घेतलेली ही मार्टिन कंपनीची गिटार नायलॉनच्या तारांची, म्हणजे बोटांनी हळुवार वाजविण्याच्या जातीची. तिच्या तबलीवर नखीचा मार झेलणारी पट्टी नसते. नेल्सनने ती नखीने वाजविली, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने तबलीला चक्क मोठे भोक पडले. त्याने ती टाकली नाही, बदलली नाही, की शोभेला टांगली नाही. ऑस्टिन शहरातील एक जाणता कारागीर कित्येक दशके नियमाने तिची तपासणी करीत आला आहे. भोकाभोवतीचे लाकूड आणखी फाटू नये म्हणून रोगणाचे थर देत आला आहे. ती गिटार झिजली आहे, पण तिची हेळसांड झालेली नाही. झीज आणि नासधूस यांतील फरक यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवावा?

मार दोन्हीकडे सारखाच जोराचा आहे. वेगळी आहे ती मारणाऱ्याची बुद्धी. स्वरासाठी दिलेला जोर वाद्य सहन करते, कारण त्यासाठीच त्याची घडण असते. टाळ्यांसाठी दिलेला जोर ते सहन करीत नाही. आणि मंचावरून उतरल्यावर घामाने भिजलेल्या तारा जो पुसून ठेवतो, तो मंचावर कितीही जोरात वाजवो, त्याच्या वाद्याची काळजी करण्याचे कारण नाही.

जपण्याजोगे काय?

तरीही जपणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. इटलीतील क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हारीने १७१६ साली घडविलेले ‘मेसाया’ नावाचे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात काचेमागे आहे. एका संग्राहकाने त्याची वर्णने करावीत पण ते कोणाला दाखवू नये, म्हणून एका वादकाने थट्टेने त्याची तुलना त्या मसीहाशी केली, ज्याची सारे वाट पाहतात आणि जो कधी अवतरत नाही. तेच नाव पुढे रूढ झाले. हे व्हायोलिन वाजविले जात नाही. तीनशे वर्षांपूर्वी त्या थोर कारागिराच्या हातून वाद्य उतरले ते कसे दिसत असे, याचा नमुना पुढील वाद्यकारांसाठी जसाच्या तसा राहावा, हा त्यामागील हेतू. तो हेतू आम्हांस वंदनीय वाटतो. आपल्या पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुन्या वाद्यांचा संग्रह आहे; तो पाहताना कोणी अमुक वाद्य वाजवून दाखवा म्हटले तर ते औचित्याला सोडून होईल. हॉलीवुडमध्ये २०१५ च्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणात १८७० च्या दशकातील, संग्रहालयातून उसनी आणलेली मार्टिन गिटार नकली समजून एका नटाने फोडली. अशी वस्तू पुन्हा घडविता येत नाही, आणि तिच्या जपणुकीला कोणी कंजूषपणा म्हणू नये.

पण जिनोव्हा शहराने तिसराच मार्ग शोधला आहे. पागानिनीचे १७४३ सालचे लाडके व्हायोलिन, ज्याला तो त्याच्या घुमणाऱ्या आवाजामुळे ‘तोफ’ म्हणत असे, त्याने आपल्या जन्मगावाला बहाल केले. शहर ते प्राणपणाने जपते. आणि तरीही ठराविक काळाने ते वाजविले जाते. पागानिनीच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेतील विजेत्यांना ते हाती घेण्याचा मान मिळतो. वाजविल्याने लाकूड खुलते, ही वादकांची जुनी श्रद्धा. त्याबाबत शास्त्रज्ञांचे एकमत नाही. परंतु वाद्याकडे नियमाने पाहणारे डोळे आणि ऐकणारे कान असले म्हणजे त्याचे दुखणे लपून राहत नाही, एवढे तर निर्विवाद आहे.

यावरून आमचे मत असे झाले आहे. ज्या वाद्याची जोड जगात उरली नाही, ज्यावरून कारागिरांना काही शिकावयाचे आहे, ते संग्रहालयाला द्यावे. घरातील तंबोरा, पेटी, सतार यांची गणना त्यांत होत नाही. त्यांना संग्रहालयाचा नियम लावणे म्हणजे घराला संग्रहालय करणे आणि आपण त्याचे पहारेकरी होणे.

आपल्याच गावातील धडा

इतके दूर जाण्याचीही खरे तर गरज नव्हती. आपल्या खेड्यापाड्यांतून अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, रात्रंदिवस, विणेकरी पाळीपाळीने वीणा गळ्यात घालून उभे राहतात. पहारा बदलतो तेव्हा एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती मध्ये कधी जमिनीवर टेकत नाही. विणेची झालर विटते, दांडी तळहातांच्या घामाने काळवंडते. त्या मंडपात तिच्याइतकी पूज्य वस्तू दुसरी नाही, आणि तिच्याइतकी वापरली जाणारीही नाही. ज्याला हात लावायचा नाही तेच पवित्र, ही कल्पना निदान या मंडपात तरी चालत नाही.

शेजारच्या पखवाजाकडेही पाहा. त्याच्या धुमेला प्रत्येक वेळी मळलेली कणीक लावावी लागते आणि वाजवून झाल्यावर ती खरवडून काढावी लागते. पुडी फाटली की नवी चढवावी लागते. पखवाजाला ‘नवाकोरा’ ठेवावयाचे म्हटले, तर तो पखवाजच राहणार नाही. आणि खंडेनवमीला आपण हळदकुंकू कशाला वाहतो? सुताराच्या रंध्याला, शिंप्याच्या यंत्राला, गवयाच्या तंबोऱ्याला. आपले कानडी शेजारी त्याच दिवशी आयुधपूजा करतात. पूजा होते ती वर्षभर राबलेल्या हत्याराची. एक दिवस त्याला विसावा द्यावयाचा आणि विजयादशमीला पुन्हा कामाला लावावयाचे. वर्षभर गवसणीत राहिलेल्या वाद्याला वाहिलेले फूल कोणत्या श्रमाचे कौतुक करते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

काय करावे?

ज्यांच्या घरी असे मुके वाद्य आहे, त्यांना आमची काही व्यवहारी विनंती आहे. प्रथम गवसणी काढून वाद्य उजेडात पाहावे. पावसाळ्यात ते बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. गवसणी कापडी असावी, प्लास्टिकची नको, कारण आत कोंडलेली ओल अधिक घातक. फार दिवस वाजवावयाचे नसेल तर तारांचा ताण थोडा उतरवून ठेवावा. पेटी आठवड्यातून एकदा तरी सर्व पट्ट्यांवर बोटे फिरवून वाजवावी. येत नसेल तर नुसता ‘सा’ धरावा, भाता हलला तरी पुष्कळ झाले. वाद्य बिघडलेले असेल तर ते गल्लीतल्या सुताराकडे न देता जाणत्या कारागिराकडे न्यावे, आणि घासाघीस जरा बेतानेच करावी. त्याच्या कानसेखाली नुसते हाड झिजत नसते. त्याचे आयुष्यभराचे ऐकणे खर्ची पडत असते.

आणि घरात वाजविणारे कोणीच उरले नसेल, तर गावातल्या गाण्याच्या शिक्षकांना विचारून एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला ते वापरावयास द्यावे. दानच केले पाहिजे असे नाही. ‘वाजवीत असशील तोवर तुझे’ एवढ्या बोलीवर दिले तरी चालेल. मालकी आपली राहील, सूर त्याचा होईल. एखादा ओरखडा उठेल, एखादी खुंटी बदलावी लागेल. तेवढे सोसावे. आपल्या घरात ते मुकेपणाने झिजले असते; तेथे ते गात झिजेल.

येत्या पावसाळ्यापूर्वी आमच्या वाचकांपैकी दहा घरांतील गवसण्या जरी सुटल्या, तरी मिरजेच्या एखाद्या कारागिराच्या दुकानात चार दिवसांचे काम वाढेल आणि बेळगाव-निपाणीच्या दहा मुलांना खऱ्या तंबोऱ्याच्या झंकारात बसून ‘सा’ लावता येईल. त्यासाठी खर्च फारसा नाही. माळ्यापर्यंत शिडी लावावी लागेल, इतकेच.